गवळणी कशा करायच्या ते कळव

भरे, ता. मुळशी
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

अनुष्का,

आशीर्वाद. भरे ते भूगाव अंतर बारा-तेरा किलोमीटरचं, आणि सासरा सुनेला पत्र लिहितोय, हे बघून दिग्विजय हसेल. हसू दे. फोन केला तर तू "बरी आहे मामा" एवढं म्हणून फोन त्याच्याकडे देतेस. शिवाय मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होईल. दिग्विजय दर रविवारी इकडे येतो, त्याच्या हातून पत्र जाईल आणि उत्तर येईल.

काम असं आहे. माझी तुळजा, म्हणजे तुझ्या आत्या, जाऊन वर्षावर चार महिने झाले. यंदा दिवाळी करायची. फराळाचं शेजारची लीलाबाई बघणार आहे. आकाशकंदील वरच्या खोल्यांत भाड्याने राहणारी लवळ्याच्या कॉलेजातली पोरं लावणार आहेत. अडलंय ते अंगणात. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत शेणाच्या गवळणी मांडायच्या, ते या घरात चाळीस वर्षं तुझ्या आत्यांनी केलं. मी रोज त्या गवळणींना वळसा घालून शेतावर गेलो, पण ती हे करते कसं, ते कधी वाकून पाहिलं नाही. भावकीतल्या बायका म्हणतात, आम्ही करून देतो. मला ते नको. प्रत्येक घराच्या गवळणी वेगळ्या असतात आणि आपल्या घरच्या आता फक्त तुला येतात. अकोल्याहून आलेल्या मुलीला येतात आणि मला येत नाहीत, ही माझीच शोभा.

तरी गवळणी कशा करायच्या ते बैजवार लिहून कळव. शेण कोणतं, त्यात काय घालायचं, कोणती कुठे बसवायची, सगळं.

मागच्या दिवाळीपासून तू आणि माझी नात किमया, दोघींनी भऱ्यात पाऊल टाकलेलं नाही. त्याचं कारण मला माहीत आहे. ते मी या पत्रात लिहीत नाही.

भिवाजी


भूगाव
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

मामा,

नमस्कार. सोनं दिग्विजयबरोबर पाठवलं आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शेण ताजं घेऊ नका, ते बसतं. एक दिवसाचं घ्या, आणि गाईचंच घ्या. त्यात मूठभर भाताचं तूस मळायचं, म्हणजे वाळल्यावर भेगा पडत नाहीत. आत्या मळताना पाण्याचा हात लावायच्या, पाणी ओतायच्या नाहीत. आधी अंगणात शेणाची वीतभर उंच भिंत घालून वाडा करायचा, दार पूर्वेला ठेवायचं. मग आत बाया. एक जात्यावर बसलेली, एक ताक घुसळणारी, बाकीच्या डोक्यावर दोन-दोन मडकी घेऊन उभ्या. लंगडा पेंद्या दाराशी असतो. पाडव्याला मधोमध बळीराजा बसवायचा. डोळ्यांना तांदूळ, डोक्यात कुर्डूचे तुरे, मग हळदकुंकू. भाऊबीजेला सगळं मोडून त्याच शेणाच्या गोवऱ्या थापायच्या आणि जपून ठेवायच्या, कारण रथसप्तमीचं दूध त्यावर उतू घालतात.

एक महत्त्वाचं. कमरेला आकार देताना अंगठा सरळ रोवायचा नाही. आडवा धरून कडेने दाबायचा. आत्या तसंच करायच्या. मला ते जमायला दोन दिवाळ्या लागल्या.

आता तुम्ही लिहीत नाही म्हणालात ते मी लिहिते. गेल्या वसुबारसेला मी आणि किमयाने दुपारभर बसून गवळणी मांडल्या. ती तेव्हा सहा वर्षांची होती. तुम्ही शेतावरून आलात आणि पायाने सगळं उधळलंत. पेंद्या तिने एकटीने केला होता, तो गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आपटला. वर्ष पाळायच्या घरात सण कसला मांडता, असं तुम्ही म्हणालात. तिथपर्यंत मी ऐकून घेतलं असतं. पण ओट्यावर भावकीतली चार माणसं बसली होती आणि त्यांच्यासमोर तुम्ही म्हणालात, "भायेरची ती भायेरचीच."

मग आता या घरच्या गवळणी बाहेरचीला का विचारता?

अनुष्का


भरे
रविवार, ५ ऑक्टोबर

अनुष्का,

आशीर्वाद. पत्र दसऱ्याला मिळालं. तीनदा वाचलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते लिहायला बसलो की हात थांबतो. तोवर कामाचं लिहितो.

मी सराव सुरू केला आहे. गोठ्याच्या मागे करतो, कारण बाप्या माणूस गवळणी करताना दिसला तर भऱ्यात वर्षभर तोंडी लावायला होईल. पहिल्या दिवशी शेण पातळ झालं आणि पाचही बाया हळूहळू खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी तूस जास्त झालं. तिसऱ्या दिवशी दोन उभ्या राहिल्या, तर तांदळाचे डोळे कोंबड्यांनी टिपून नेले. लीलाबाई दोरीवरचे कपडे काढायला आली आणि तिने पाहिलंच. म्हणाली, "भाऊजी, ह्या गवळनी हायेत का बटाटं?" मी म्हणालो, बटाटेच आहेत, तू जा. वरच्या खोलीतला ऋषिकेश म्हणून एक पोरगा आहे, नाशिककडचा, त्याने मोबाइलवर फोटो काढला. त्याला दम भरला आहे.

तुझा तो आडवा अंगठा मला अजिबात जमत नाही. अंगठा सरळच रुततो.

आणखी एक. मला वाटतं किमयाने येऊन दाखवावं. त्या पोरीचा हात चांगला वळत होता. मागच्या वर्षीचं तिच्या कुठलं लक्षात असणार, लहान पोरं विसरतात. आता दुसरीत गेली ना? दिग्विजय म्हणतो शाळेत हस्तकलेचा तास असतो. तिने काय काय केलं, ते एखादं त्याच्याबरोबर पाठव. मी बैठकीत ठेवीन.

भिवाजी


भूगाव
रविवार, १२ ऑक्टोबर

मामा,

नमस्कार. पोरं विसरत नाहीत.

किमयाने या वर्षात केलेली एकही वस्तू मी तुम्हाला पाठवू शकत नाही. शाळेत कागदाची फुलं केली, मातीच्या पणत्या केल्या, गणपतीत शाडूचा उंदीर केला. घरी आणलं की ती ते बुटाच्या खोक्यात घालते आणि खोकं पलंगाखाली अगदी भिंतीपर्यंत सरकवते. कपाटावर मांडू म्हटलं तर नको म्हणते. दाराची बेल वाजली की आधी खोकं जागेवर आहे का, ते बघून येते. मी एकदा कारण विचारलं. ती म्हणाली, कुणी मोडेल. मी म्हटलं, इथे कोण मोडणार? तुम्ही शेण उधळलंत तेव्हा मला अपमान वाटला, आणि तो मी एकवेळ गिळलाही असता. हे मात्र मला गिळता येत नाही. आम्ही भूगावला फ्लॅट घेतला तो ऑफिस जवळ पडतं म्हणून घेतला, असं दिग्विजय सगळ्यांना सांगतो. ते खरं नाही, हे तुम्हालाही कळतं.

आता एक गोष्ट, जी मी दिग्विजयलाही सांगितलेली नाही. आत्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात होत्या तेव्हा दुपारी मी एकटीच त्यांच्याजवळ असायचे. एकदा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "माझं वरीस पाळू नगा. दिवाळीला अंगान मोकळं ठिवू नगं. पोरीचा हात आत्ताच वळाया लागलाय." मी हो म्हणाले. तो शब्द मी पाळला. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, हे मला पटतं. पण त्या दिवसांत तुमच्याशी त्यांचं नाव काढून बोलायची कुणाची छाती होती? आणि तुम्ही पाय घालण्याआधी विचारलं असतंत, तर मी तिथेच सांगितलं असतं.

अनुष्का


भरे
सोमवार, १३ ऑक्टोबर

अनुष्का,

रविवारपर्यंत थांबवत नाही. शेजारचा दादासाहेब भाजीचा टेम्पो घेऊन भूगावला येतो, त्याच्या हाती हे देतो.

तुळजा असं म्हणाली, हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. मला ती दवाखान्यात फक्त औताचं आणि गाईचं विचारायची.

आता माझं ऐक. तू लिहिलंस की अंगठा आडवा धरायचा, तुला ती रीत वाटते. ती रीत नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर कडबाकुट्टीत सापडून ठेचलं. कुट्टीचं चाक मी फिरवत होतो. त्यानंतर तो अंगठा कधी वाकला नाही. भाकरी थापताना, गवळणी करताना तिला तो आडवाच धरावा लागायचा, म्हणून तिच्या हातच्या प्रत्येक गवळणीच्या कमरेवर चपटा ठसा उठायचा. भावकीतल्या कुठल्याच बाईच्या गवळणीवर तो नसे. तिने तुला शिकवलं तेव्हा तू तेही शिकलीस, आणि तिने तुला काही सांगितलं नाही.

गेल्या वसुबारसेला मी भात कापून आलो. भावकीतली माणसं ओट्यावर होती, मी हातपाय धुवायला वळलो आणि अंगणात गवळणी दिसल्या. त्यांच्या कमरेवर तोच चपटा ठसा. अनुष्का, मला वाटलं ती आत आहे. एवढंसंच वाटलं, पण पुरतं वाटलं. मी दाराकडे बघून तिला हाक मारणार होतो. तेवढ्यात तू शेणाने भरलेले हात घेऊन मोरीतून बाहेर आलीस, आणि ती नाही, हे मला दुसऱ्यांदा कळलं. पाय कसा उचलला गेला ते मला सांगता येत नाही. वर्ष पाळायचं वगैरे मी नंतर तोंडाला येईल ते बोललो, कारण चार माणसांत काहीतरी बोलणं भाग होतं. "भायेरची" म्हणालो तेही त्यातलंच. उलट तू इतकी घरातली झाली होतीस की तुझा हात आणि तिचा हात मला वेगळा ओळखता आला नाही.

हे कारण आहे. ते चांगलं कारण नाही. पोरीचा पेंद्या मी मोडला आणि तिने मला मोडताना बघितलं. मला माफ कर, असं मी आयुष्यात कुणाला लिहिलेलं नाही, तुला लिहितो. किमयाला काय लिहायचं ते मला कळत नाही.

भिवाजी


भूगाव
बुधवार, १५ ऑक्टोबर

मामा,

नमस्कार. हे दादासाहेबांच्याच हाती देते आहे. तुमचं पत्र मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि पुढची मीटिंग तब्येतीचं कारण सांगून टाळली. आत्यांचा अंगठा वाकत नाही, हे मला आठ वर्षांत कळलं नाही. त्यांच्याशेजारी बसून मी तो हट्टाने आडवा धरत होते, आणि त्या बघत होत्या आणि हसत होत्या. सरळ धर, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. का म्हणाल्या नसतील, त्याचाच मी दोन दिवस विचार करते आहे.

तुम्ही माफी मागितलीत. मी माफ केलं असं लगेच लिहून टाकावं असं दिग्विजयला वाटतं, पण मी तुम्हाला खोटं लिहिणार नाही. राग बराचसा गेला आहे, थोडा आहे. तो जाईल तेव्हा सांगेन. यंदा मी भऱ्यात येणार नाही. त्या अंगणात उभी राहिले तर मला अजून तुमचा पाय दिसेल, आणि किमयाला तर दिसेलच.

पण एक घडलं. काल तिने आपणहून विचारलं, गवळणी आपल्या गॅलरीत करता येतात का? मी जरा जास्तच घाईने हो म्हटलं आणि मग अडकले. ऑनलाइन सगळं मिळतं मामा, अगदी वाळलेल्या गोवऱ्याही डझनाने पॅक करून घरपोच देतात. ओलं शेण कुणीच देत नाही. आमच्या रस्त्यावर दोन गाई फिरतात, त्यांच्या मागे मी सकाळी वॉकच्या नावाखाली पिशवी घेऊन फिरले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत, ते जास्तच लागलं. शाडू वापरू म्हटलं तर किमया म्हणाली, आजी शेणाच्या करायची.

तुमच्या गवळणी उभ्या राहू लागल्या का?

अनुष्का


भूगाव, तुमच्या सोसायटीचं फाटक
शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

अनुष्का,

हे वॉचमनच्या टेबलावर, त्याच्याच पेनने लिहितोय. बादलीत एक दिवसाचं शेण आहे, आपल्या गाईचं. वर ओलं फडकं बांधलं आहे, ते किमयाला सोडू दे. कागदाच्या पुडीत तूस आहे आणि पिशवीत कुर्डूचे तुरे. आज पहाटे बांधावरून तोडले.

दादासाहेबाचा टेम्पो आज पिरंगुटपर्यंतच होता, पुढे बसने आलो. कंडक्टरने विचारलं, बादलीत काय आहे? मी खरं सांगितलं. तो म्हणाला, सांडलं तर तुम्हीच पुसायचं. एक थेंब सांडला नाही, दोन्ही गुडघ्यांत धरून आणली. तुमचा वॉचमन मात्र बिहारकडचा निघाला, त्याने फडकं वर करून बघितलं आणि हात जोडले. म्हणाला, "हमारे यहाँ भी दिवाली में गोबर का गोधन बनता है, बाबा." मग त्याने मला खुर्ची दिली.

तो तुला फोन लावणार होता, मी नको म्हणालो. वर येत नाही. सणाच्या दिवशी पोरीने दार उघडावं आणि मी दिसलो की तिने आधी पलंगाकडे धावावं, हे मला बघवणार नाही. तिला सांगू नकोस शेण कुणी आणलं ते. विकत आणलं म्हण.

माझ्या सात उभ्या राहिल्या. आज अंगणात मांडून आलोय, उघड, सगळ्यांसमोर. लीलाबाई बटाटे म्हणाली नाही.

भिवाजी


भूगाव
गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

मामा,

नमस्कार. तुम्ही फाटकावरून परत गेलात, हे मला संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर कळलं. पत्र वाचून मी तिथेच वॉचमनच्या खुर्चीत बसून रडले. बादली मीच वर नेली, लिफ्टमधून. पाचव्या मजल्यापर्यंत माझ्याबरोबर दोन कुटुंबं होती आणि सगळे छताकडे बघत होते.

विकत आणलं, असं मी तिला म्हटलं नाही. खोटं सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलेलं आहे. आजोबांनी आणलं, असं मी म्हणाले. मग तिने फडकं सोडलं, वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "तूस कुठाय?"

गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरून आम्ही वाडा घातला. सेक्रेटरींच्या आई, सुलक्षणाकाकू, वासाची तक्रार आली म्हणून बघायला आल्या. त्या साताऱ्याकडच्या. दोन मिनिटं उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मग पदर खोचून खाली बसल्या आणि त्यांच्या गावी करतात तशी उखळावरची बाई त्यांनी केली. तक्रार कुणाची होती, ते पुन्हा निघालं नाही.

कमरेला मी आडवाच अंगठा लावला. आता कारण माहीत आहे, तरी मला दुसऱ्या तऱ्हेने येत नाही, आणि शिकायचंही नाही. किमयाने माझं बघून तसाच लावला. तिला मी कुट्टीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, आजीला दुखलं असेल. मी म्हटलं, हो, आणि आजोबांनाही.

सहा दिवस वाडा गॅलरीत होता, उघड्यावर. बेल वाजली की ती आधी दाराकडे जात होती. खोकं तिने बाहेर काढलेलं नाही, ते मी काढायला सांगणारही नाही. पण गवळणींवर तिने काही झाकलं नाही.

आज मोडायचा दिवस. सकाळी मी गोवऱ्यांसाठी पाट घेऊन गेले, तर ती वाड्यासमोर मांडी घालून बसलेली. मला हात लावू देईना. दिग्विजय गेला, त्यालाही नाही. मला वाटलं पुन्हा तेच सुरू झालं, आता ती रडेल आणि आपण पुन्हा वर्षभर मागे जाऊ. मी शेजारी बसले आणि म्हटलं, मोडायचं नसेल तर ठेवू, राहू देत. त्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काहीतरी विसरले आहे. मोडायचं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. आजीने तिला तेही सांगितलेलं होतं.

तुम्ही ठरवलंत की ती तुम्हाला बघून घाबरेल. मीही तेच धरून चालले होते. तिला कुणी विचारलंच नाही. मी आज विचारलं.

दिग्विजय हे पत्र घेऊन निघतो आहे. तुम्ही वाचून झालं की तसेच त्याच्या गाडीवर बसा, कपडे बदलत बसू नका, गाईला वैरण लीलाबाई घालेल. माझा थोडा राग राहिला होता, त्याचं आपण नंतर बोलू, मला वाटतं फारसं बोलायला उरणार नाही. किमया अजून गॅलरीत बसली आहे. तिने मला तुम्हाला लिहायला सांगितलंय, ते तिच्याच शब्दांत लिहिते: "आजोबांना मोडता येत नाही. त्यांना बोलव. हळू कसं मोडायचं ते मी शिकवते."

अनुष्का